व्हेरिओच्या नोंदींवरून ‘सी’ वर्गाचे ग्लायडर घेण्याचे ठरवावे का?

प्रश्न : पवनाकाठ
मी तीन हंगाम कामशेतला पॅराग्लायडिंग करीत असून माझे ग्लायडर युरोपीय सुरक्षा मानकानुसार ‘बी’ वर्गातील आहे. गेल्या दोन हंगामांतील व्हेरिओच्या (चढ-उताराचा वेग व उंची दाखवणाऱ्या उपकरणाच्या) जीपीएस नोंदी संगणकावर उतरवल्या, तेव्हा थर्मलमधील (वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या झोतातील) माझा चढाईचा सरासरी वेग सेकंदाला १.१ मीटरवरून १.६ मीटरवर गेलेला दिसला. रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचे पॅराशूट, एकदाही उघडावे लागलेले नाही. ऑक्टोबरमध्ये हिमाचलमधील बीर-बिलिंगला जाण्यापूर्वी अधिक चपळ असे ‘सी’ वर्गाचे ग्लायडर घ्यावे, असे मनात आहे. हे आकडे त्यासाठी पुरेसे मानावेत का?

उत्तर : घाटमाथा
चढाईच्या सरासरीत तुमच्या कौशल्याइतकाच त्या दिवसाच्या हवेचाही वाटा असतो; मार्चमधल्या तापलेल्या दुपारी नवखाही झपाट्याने वर जातो. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच तासाला उडालेल्या इतरांच्या नोंदींशी तुलना केल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती जमिनीपासूनची उंची. व्हेरिओवर सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. बिलिंगचे टेकऑफच सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि मागे धौलाधारचे उतार चढतच जातात, म्हणून पडद्यावर २,८०० दिसत असतानाही खालचा कडा पन्नास मीटरवर असू शकतो; रिझर्व्ह उघडायला तेवढी उंची पुरेलच याची खात्री नसते. तुमचे मार्ग भूपृष्ठाच्या नकाशावर ठेवून पाहा आणि डोंगरालगत किती वेळा पूर्ण गिरकी घेतली, ते मोजा.

उत्तर : वाऱ्याचीवाट
जीपीएस जमिनीसापेक्ष वेग सांगतो, हवेतला नव्हे. ब्रेक सोडलेले ‘बी’ ग्लायडर हवेत ताशी साधारण ३७ किलोमीटरने जाते. म्हणजे वाऱ्याकडे तोंड असताना नोंदीत ताशी ८ दिसत असेल, तर समोरचा वारा २९ च्या आसपास होता. (आपल्यापैकी बरेच जण अशा दिवसापुढे ‘छान लिफ्ट’ एवढेच लिहून मोकळे होतात.) शिवाय दोन सेकंदांत सावरलेला कोलॅप्स (ग्लायडरचा पंख हवेत अचानक मिटणे) आलेखात बारीकशा दातासारखा दिसतो किंवा दिसतही नाही. तो त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहून ठेवावा लागतो.

उत्तर : जुनाहार्नेस
वर्गाचे अक्षर वेगाबद्दल नसते. चाचणी-वैमानिक मुद्दाम कोलॅप्स घडवून ग्लायडर किती झेपावते, किती वळते आणि आपणहून सावरते का, हे पाहतात. त्यावरून ते अक्षर ठरते. ही चाचणी शांत हवेत आणि ठरलेल्या वजनाच्या मर्यादेत होते. तेव्हा हार्नेस (बसण्याचे पट्ट्यांचे आसन), रिझर्व्ह, पाणी यांसह आपले वजन किती भरते, हे आधी पाहावे.

पवनाकाठ
सर्वांचे आभार. सगळ्या सामानासह वजन केले, ते ९७ किलो भरले; ग्लायडरची मर्यादा ७५ ते ९५ आहे. जी चपळता मला ‘सी’ मध्ये हवी होती, तिचा काही भाग या जास्तीच्या वजनातूनच येत असावा. डोंगरालगत पन्नास मीटरांच्या आत घेतलेल्या गिरक्या अकरा निघाल्या, त्यांपैकी सात माझ्या सर्वांत वेगवान चढाईच्या दिवसांतल्या. आता याच वर्गातले एक माप मोठे ग्लायडर पाहतो आहे आणि बीरआधी पाण्यावरील एसआयव्ही प्रशिक्षण (मुद्दाम कोलॅप्स घडवून सावरण्याचा सराव) करावे म्हणतो. ते कोणत्या महिन्यात करणे सोयीचे ठरेल?