मदत हवी आहे: बर्लिनमध्ये चिकाचा हलवा

मंडळी, यंदा रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्षाचा सण, आमच्याकडे आहे. ठाण्याहून काका-काकू, इस्रायलमधल्या अश्दोदहून आत्या, तिच्या सुना-नातवंडं, सगळी मिळून सोळा-सतरा माणसं होतील. आम्हा बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा हवाच. जेवणात मटण असल्यामुळे आमच्या धर्मनियमाप्रमाणे दूध-तूप चालत नाही, नारळाच्या दुधातच करायचा.

अडचण चिकाची आहे. आई गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, मग वाटून, गाळून रात्रभर ठेवते. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक. इथे घर इतकं गार, की तीन दिवसांनीही दाणा चिमटीत फुटत नाही. कोमट पाणी वापरू की दिवस वाढवू? दुकानात गव्हाचं तयार स्टार्च मिळतं, ते कुणी वापरलंय का? वाटीभर स्टार्चला डब्यातलं नारळाचं दूध किती? कॉर्नफ्लॉवर सुचवू नका. वडीला तो लवचिकपणा येत नाही आणि आत्याला पहिल्या घासातच कळेल.

आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल ना? कृपया लवकर सांगा, सण पुढच्याच आठवड्यात आहे.