पोर्ट्रेटमध्ये नाक मोठं, कान गायब: ८५ मिमी लेन्स घ्यावी का?

कवडसा:
मदत हवी आहे. लग्नाच्या बायोडेटासाठी बहिणीचे फोटो घरीच काढायचे आहेत. कॅमेरा निकॉनचा, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २४ मेगापिक्सेल. लेन्स कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ मिमीची किट (१८ वर जास्त परिसर मावतो, ५५ वर दृश्य जवळ येतं). खोली १० बाय १२ फूट. १८ मिमीवर खांद्यापर्यंतचा फोटो घेतला की नाक फुगतं, कान मागे सरकल्यासारखे दिसतात, चेहरा निमुळता होतो. लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) लेन्स करेक्शन लावूनही फरक नाही. ८५ मिमी घेतली तर हे जाईल का? की ५० पुरेल?

तिवई:
लेन्स इतक्यात घेऊ नका. नाक फुगतंय ते अंतरामुळे. १८ मिमीवर डोकं-खांदे उभ्या फ्रेममध्ये भरायचे, तर कॅमेरा अर्ध्या मीटरवर न्यावा लागतो. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण १२ सेंमी अंतर धरा. नाक ५० सेंमीवर, तर कान ६२ वर. म्हणजे कानांच्या मानाने नाक जवळपास २४ टक्के मोठं उमटणार. तेच कॅमेरा १५० सेंमीवर ठेवला तर नाक १५०, कान १६२, फरक ८ टक्के. एवढा डोळ्याला खुपत नाही.

लेन्स करेक्शन वाकलेल्या सरळ रेषा ताठ करतं. इथे लेन्सने चूक केलेलीच नाही, त्यामुळे त्याला दुरुस्त करायला काही सापडत नाही.

खात्री करायची तर कॅमेरा ट्रायपॉडवर, बहिणीपासून पाच फुटांवर ठेवा. न हलता एक फोटो १८ वर, एक ५५ वर. १८चा फोटो क्रॉप करून चेहरा ५५च्या फोटोएवढा करा: नाक-कानांचं प्रमाण तंतोतंत तेच दिसेल. फक्त २४ मेगापिक्सेलमधले अडीचच्या आसपास उरतील. म्हणून आधी अंतर ठरवायचं, आणि तिथून फ्रेम भरेल ती लेन्स लावायची.

तुमच्या खोलीचा हिशेब: भिंतीवर सावली पडू नये म्हणून बहीण भिंतीपासून ३ फूट पुढे, तिथून कॅमेरा ५ फूट, तुम्हाला उभं राहायला २ फूट. झाले १०. किट लेन्स ५५ वर लावा, काम होतंय. ८५ मिमीला याच फ्रेमसाठी सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसात फूट लागतील. बेरीज साडेबारा, खोलीत मावत नाही. ५० मिमीने चेहरा बदलणार नाही. एफ १.८ मुळे, म्हणजे लेन्सचं छिद्र जास्त उघडत असल्यामुळे, पार्श्वभूमी धूसर होईल आणि कमी उजेडात सोय होईल, तेवढ्यासाठी हवी तर जरूर घ्या.

उजेड:
तिवईंशी सहमत, पण पाच फूट हा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. दूर जाल तसा चेहरा सपाट आणि रुंद दिसू लागतो. गोल चेहऱ्याला चार फूटच बरे. लांब नाक किंवा पुढे आलेली हनुवटी असेल तर सहा-सात.

उंचीकडेही लक्ष द्या. खांद्यापर्यंतच्या फोटोला लेन्स डोळ्यांच्या रेषेत हवी, फार तर दोन-चार सेंमी वर. बहीण खुर्चीत आणि तुम्ही उभे, असं झालं की कपाळ कॅमेऱ्याच्या जवळ येतं, मोठं दिसतं आणि हनुवटी आक्रसते. खालून घेतलात तर नाकपुड्या आणि जबडा पुढे येतो. तुम्हीही स्टुलावर बसा.

किट लेन्सचं छिद्र ५५ वर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड कमी येतो. खिडकीजवळ बसवा, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लागेल तेवढा वाढवा. हललेल्या फोटोपेक्षा थोडा नॉइज (फोटोतले दाणे) परवडतो.

कवडसा:
दोघांचेही आभार. साडीतला एक पूर्ण उभा फोटोही हवा आहे. त्याला पण ५५च?

तिवई:
नाही. डोक्यावर-पायाखाली जागा सोडून २ मीटरची फ्रेम धरा. ५५ ला पावणेपाच मीटर लागतील, ३५ ला ३ मीटर, म्हणजे दहा फूट. कॅमेरा दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवा, नाहीतर सरळ गच्चीवर जा. उंची कमरेएवढी, जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, आणि कॅमेरा वर-खाली न झुकवता. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवून घेतलात तर डोकं मोठं, पाय आखूड होतात आणि निऱ्यांची लांबी मार खाते. मागे दाराची चौकट घ्या. तिच्या उभ्या कडा फोटोत समांतर दिसल्या, की कॅमेरा झुकलेला नाही.