गेममध्ये धक्क्यावर आपटली, म्हणून 'बेसेमर' मूर्ख?

तांडेलपुत्र (धागाकर्ता)

परवा सुकाणूशूर यांनी इथे एक पोस्ट टाकली. जहाजांच्या सिम्युलेटरमध्ये कुणीतरी १८७५ सालची 'बेसेमर' ही पॅडलवाली, म्हणजे बाजूच्या चाकांवर चालणारी आगबोट बनवली आहे. यांनी ती इंग्लंडच्या डोव्हरहून फ्रान्सच्या कॅलेला नेली, धक्क्यावर आपटली आणि तिथल्या तिथे निकाल दिला: "इतिहासातलं सर्वांत मूर्ख जहाज. हेन्री बेसेमरनं गुपचूप पोलाद करत बसायचं होतं. झुलतं सलून म्हणजे श्रीमंताचा पोरखेळ." (बेसेमर म्हणजे पोलाद करण्याची पद्धत काढणारा इंग्रज; आणि सलून म्हणजे न्हाव्याचं दुकान नव्हे, बोट कलली तरी सपाट राहून प्रवाशांना बोट लागू नये म्हणून केलेला दिवाणखाना.) खाली सगळ्यांचे हशे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

८ मे १८७५ ला पहिली जाहीर फेरी झाली, तेव्हा ते सलून जाम करून ठेवलेलं होतं. म्हणजे ज्याच्या नावानं खडे फोडताय, ते त्या दिवशी हललंच नाही. कॅलेच्या धक्क्यावर धडकली ती बोट. आणि बोटीचा आराखडा बेसेमरचा नव्हे, एडवर्ड रीडचा. इंग्लंडच्या आरमाराचा माजी मुख्य जहाजरचनाकार, कुणी ऐरागैरा नाही.

बोट ३५० फूट लांब, दोन्ही टोकं सारखी. कॅलेच्या अरुंद बंदरात वळवायची कटकट नको, तशीच उलट हाकायची. इथवर झकास. पण दोन्ही अंगांना दोन-दोन पॅडल. पुढच्या चाकांनी घुसळलेल्या पाण्यात मागची चाकं फिरणार, मग वेग येणार कुठून? आणि बंदराशी वेग कमी केला की सुकाणूला पाण्याचा जोर मिळत नाही. वर कॅलेच्या तोंडाशी प्रवाह आडवा. यात सलूनचा काय संबंध?

डोकं खरं फिरलं ते पुढे. गेमच्या मॉडेलमध्ये सलून आपोआप सपाट राहतं! खऱ्या बोटीत एक माणूस पाणसळीच्या बुडबुड्यावर डोळे लावून बसायचा आणि दांडा हलवून हायड्रॉलिक चालवायचा. ७० फूट लांब, ३० फूट रुंद दिवाणखाना, ओकचे कोरीव खांब, मोरोक्को चामड्याची आसनं, सोनेरी नक्षी, आणि सगळा डोलारा एका मनगटावर. तो माणूसच मॉडेलमध्ये नाही. मग तुम्ही चालवलंत ते काय?

सुकाणूशूर

एवढा निबंध! बरं, एकच विचारतो. सलून जाम का केलं होतं? चालत असतं तर पहिल्याच फेरीला, पाहुणे बसलेले असताना, बंद ठेवलं असतं का? नवीन मिक्सर घेऊन पाहुण्यांसमोर पाट्यावर वाटतं का कुणी?

अडीच लाख पौंड भांडवलाची कंपनी १८७६ ला गुंडाळली. १८७९ ला बोट भंगारात. भागधारकांना तुमच्याइतकी भक्ती नव्हती.

तांडेलपुत्र

एप्रिलच्या चाचणीतच कॅलेच्या धक्क्याला लागून पॅडल मोडलं होतं. ती डागडुजी उरकून घाईनं मे महिन्यात बोट काढली. सलूनची चाचणी झाली नाही आणि ते नापास झालं, यातला फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

यंत्रभूत

दोघेही अर्धे बरोबर. पोटापाण्यासाठी यंत्रांची कंपनं मोजतो म्हणून लुडबुड करतो.

माणसाला बोट लागते ती मुख्यतः वर-खाली हिंदकळण्यानं, पाच-सहा सेकंदांना एक झोका या चालीनं. बेसेमरचं सलून आवरणार होतं ते फक्त कुशीवर कलणं. पुढची-मागची उसळी कमी व्हावी म्हणून रीडनं दोन्ही टोकं पाण्यालगत बुटकी ठेवली, म्हणजे लाटा वरून निघून जातील. आणि अख्खी बोटच वर-खाली होते त्याला? काहीही नाही. सलून अचूक चाललं असतं तरी लोक ओकलेच असते, फक्त सरळ बसून.

शिवाय बेसेमरनं लंडनमधल्या डेन्मार्क हिलच्या आपल्या घरी वाफेवर डुलणारा सलूनचा नमुना उभारला होता. तिथे तो उत्तम चालला. चालणारच! यंत्र ठरल्या तालात हलतं, दांडेवाल्याला पुढचा झोका पाठ. समुद्र असा ताल धरत नाही. तुमच्या गेममधल्या लाटाही तशाच, एकीसारखी दुसरी. म्हणजे सुकाणूशूर, तुम्ही इंग्लिश खाडीत नव्हताच, बेसेमरच्या अंगणात होता. हे गेमवाले पाण्याचा चकचकाट करण्यात मेहनत घालतात आणि लाटांचं गणित तसंच सोडतात, हे माझं जुनं दुखणं आहे. त्यावर वेगळा धागा काढीन.

बंदरी

अवांतर. इंग्रजांच्या वीस-बावीस मैलांच्या फेरीवर एवढी शाई. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली. साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी बोट, एडन गाठायला त्याच्या दुप्पट लागणार, म्हणून केबिनांतसुद्धा कोळसा कोंबला. पॅडलवालीच होती. तिचं मॉडेल कुणी करणार नाही. का? मुंबईची ना!

सुकाणूशूर

विषय व्हिक्टोरियन बोटींचा आहे. व्हिक्टोरिया १८३७ ला गादीवर आली.

बंदरी

म्हणजे राणीबाई बसेपर्यंत मुंबईनं भट्टी पेटवायची नव्हती का? धन्य.

वेंगुर्लेकर

आमची आजी मुंबई-पणजी बोटीनं गावी जायची. वरच्या डेकवर अगदी मधोमध सतरंजी, उशाशी लिंबू, तोंडात आवळासुपारी. टोकाकडे बसायचं नाही, तिथे झोका मोठा. खालचे केबिनवाले शेठ बादलीत तोंड घालून, आणि म्हातारी वर सोलकढीच्या गजाली सांगत्ये. "माका बोट कधी लागाक नाय," हे ती मरेपर्यंत ऐकवायची. सलून-बिलून कशाला हवं होतं?

गलबतवाली

लिंबाचं काही सांगू नका. मांडव्याच्या फेरीत आमचे हे लिंबू हुंगत "क्षितिजाकडे बघ, काही होत नाही" असं मला शिकवत होते. शिकवता शिकवता माझ्याच ओढणीवर. ओढणी नवी होती.

यंत्रभूत

क्षितिज बघणं बरोबर आहे, ताई. डोळे आणि तोल सांभाळणारा आतला कान एकच साक्ष देतात. म्हणूनच बंद सलूनची कल्पना उलटी होती: आत सगळं स्थिर दिसणार आणि पोट वर-खाली.

गलबतवाली

ओढणी भरून देता का? मग शिकवा.

कोरडा पाय

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली. क्षितिज, लिंबू, आलं, सगळी थोतांडं. ज्याला लागायची त्याला लागते. बादली शेजारी ठेवून ब्रिजवर उभा राहिलेला कप्तान मी डोळ्यांनी पाहिलाय. इंग्रजांच्या आरमाराचा सेनापती नेल्सन, त्यालाही लागायची. डेकवरच्या आजीला बोट लागत नव्हती, कारण तिला लागत नव्हती. संपलं.

वेंगुर्लेकर

आजीवर जायचं काम नाही हां.

कोरडा पाय

आजींना नमस्कार. लिंबावर बोलतोय. तुम्ही कोकणातले लोक लिंबानं भूतही उतरवता, म्हणून समुद्र उतरतो असं नाही.

वेंगुर्लेकर

आणि तुम्ही जहाजावर राहून माणसांशी बोलायचं विसरलात.

तांडेलपुत्र

अहो, धागा बेसेमरचा आहे! यंत्रभूत, वर-खाली हिंदकळण्याचा मुद्दा मान्य, नाइलाजानं. पण मग तुम्हीही हे कबूल करा की 'सलून फसलं' हे वाक्य चूक आहे. बेसेमर स्वतः आत्मचरित्रात हेच रडगाणं गातो: हळू चालवली की बोट सुकाणूला जुमानत नव्हती.

यंत्रभूत

आत्मचरित्रात माणूस दुसरं काय लिहिणार? भागीदाराचा दोष. पण हो, समुद्रावर सलूनची नीट परीक्षा झालीच नाही, एवढं लिहून घ्या.

सुकाणूशूर

ठीक आहे, मीही शरण. सलून निर्दोष, बोट दोषी, कॅलेचा धक्का फितूर. पुढची गोष्ट मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलीत. बोट मोडल्यावर रीडनं ते सलून स्वॅन्लीजवळच्या आपल्या हेक्स्टेबल हाऊसला नेलं आणि तिथे बिलियर्डची खोली केली. पुढे त्या वास्तूत बागकामाचं कॉलेज निघालं, तेव्हा त्याच खोलीत व्याख्यानं व्हायची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून गेली. तोवर, जमिनीवर का होईना, ती अजिबात हलली नाही. बेसेमरची प्रतिज्ञा पूर्ण झाली म्हणायची.

तांडेलपुत्र

हसा. ज्या १८७९ साली बोट भंगारात गेली, त्याच साली बेसेमरला 'सर' केलं. पोलादासाठी.

सुकाणूशूर

तेच तर पहिल्या पोस्टमध्ये म्हणत होतो. पोलादच करायचं होतं.

गलबतवाली

पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडव्याला जायचंय. वेंगुर्लेकर, लिंबू अख्खं की कापून?

वेंगुर्लेकर

अख्खं. सालीवर नख मारून हुंगायचं. आणि रिकाम्या पोटी चढू नका. यजमानांना मागच्या बाकावर बसवा.

कोरडा पाय

आणि ओढणी जुनी न्या.