होडी चालायलाच हवी असं नाही
काहींना वाटतं की होडी चालते तेवढंच पाणी अमेरिकेच्या १९७२च्या क्लीन वॉटर ॲक्टमध्ये, म्हणजे जलप्रदूषण रोखणाऱ्या कायद्यात, येतं. तसं नाही. शब्द 'नॅव्हिगेबल वॉटर्स' (होडी चालेल असं पाणी) आहे खरा, पण व्याख्या फक्त 'अमेरिकेचं पाणी, प्रादेशिक समुद्रासह' अशी. होडीचं नावच नाही! सगळी भांडणं तिथूनच. आयडाहोत प्रीस्ट लेकजवळ सॅकेट दांपत्याने घरासाठी प्लॉटवर भराव टाकला. ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने ती जागा या कायद्यात येणारी पाणथळ ठरवून रोज ४०,००० डॉलरहून जास्त दंडाची तंबी दिली. प्लॉटला लागून रस्ता, आणि पाण्याचा चर रस्त्यापलीकडे. २०२३मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायदा लागू व्हायला पाणथळ जागा नदी-तळ्यासारख्या पाण्याला पृष्ठभागावर सलग जोडलेली हवी. सॅकेट एकमताने जिंकले, पण ही कसोटी ५-४ने. मला ही कसोटी न मानणारे न्यायमूर्ती कॅव्हानॉ पटतात: कायद्यात 'लगतची' आहे, 'चिकटलेली' नव्हे. मग मिसिसिपी नदीच्या बांधापलीकडच्या, म्हणजे लगतच्या पण न चिकटलेल्या, दलदलीचं काय?