शब्दचर्चा: कर्नलमधलं ‘ऑप्शनल’ म्हणजे पर्यायी, ऐच्छिक की वैकल्पिक?

चिवटपोहे: लिनक्स कर्नल (म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा) बांधण्यावर मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. केकॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं ते ठरवायची व्यवस्था, तिच्यातली ‘ऑप्शनल’ सेटिंग्ज म्हणजे काय? मी ‘पर्यायी’ लिहिलं, तर एकानं विचारलं, “कशाला पर्यायी?” खरंच आहे. पर्यायी रस्ता मूळ रस्ता बंद असेल तेव्हाचा. ब्लूटूथ कर्नलमध्ये घ्यायचं की नाही, यात एकाच्या जागी दुसरं असं काही नाहीच.

उंबरठा: ‘पर्याय’ राखून ठेवा, लागेल. केकॉन्फिगमध्ये ‘चॉइस’ असतो ना? कर्नलची प्रतिमा (बांधून झालेली फाइल) लहान करायला कुठली दाबपद्धत: जीझिप, एक्सझेड की एलझेडफोर? एकच निवडायचं. ते खरे पर्याय. घ्या किंवा सोडा असेल तिथे ‘ऐच्छिक’, अकरावीच्या विषयांसारखं.

चिवटपोहे: पण इच्छा कुणाची? कितीतरी सेटिंग्ज मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्ज निवडायच्या पडद्यावरच्या यादीत, दिसतच नाहीत. त्यांना प्रश्नाची ओळच नसते, दुसरं कुणीतरी परस्पर चालू करतं. त्यांना ऐच्छिक म्हणणं म्हणजे थट्टा.

बोरू: ‘वैकल्पिक’ हिंदी वळणाचं वाटतं हे मान्य, पण ‘विकल्प’ आपल्या व्याकरणात मुरलेला शब्द आहे. ‘हा नियम विकल्पाने लागतो’ म्हणजे लागेल किंवा लागणार नाही, दोन्ही रूपं शुद्ध. पाणिनीकडे यासाठी तीन शब्द आहेत: वा, विभाषा, अन्यतरस्याम्. परंपरा तिन्ही एकच मानते. भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्कींनी १९७९ मध्ये मांडलं की ते वेगळे आहेत: ‘वा’ म्हणजे झालेलं बरं, ‘विभाषा’ म्हणजे न झालेलं बरं, ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे कसंही चालेल. आता केकॉन्फिगची मदत उघडा. शेवटी असतं, खात्री नसेल तर ‘एन’ (नाही) म्हणा. कुठे ‘वाय’ (हो) म्हणा. वा आणि विभाषाच की! (पंडितांनी रागावू नये.)

उंबरठा: +१. पण तीन उत्तरं असलेल्या ‘ट्रायस्टेट’ सेटिंगला पाणिनी पुरत नाही. ‘वाय’ म्हणजे कर्नलच्या पोटातच, ‘एन’ म्हणजे नाहीच, आणि ‘एम’ म्हणजे मोड्यूल, लागेल तेव्हा आणून जोडायचं. भिंतीतलं फडताळ आणि घडीची खाट यांतला फरक. मी ‘तिहेरी’ लिहितो, ‘त्रिस्थितिक’ लिहायला जीभ वळत नाही.

चिवटपोहे: एका सेटिंगला दुसरीशी जोडणाऱ्या ‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्ट’ यांचं काय? पुस्तकी मराठीत ‘अवलंबून असणे’ आणि ‘निवडणे’. दुसरा तर साफ फसवा आहे.

खटपट्या: फसवाच. ‘डिपेंड्स ऑन’ला सरळ ‘अट’ म्हणा: अट पुरी नसेल तर प्रश्नच विचारला जात नाही. ‘सिलेक्ट’मध्ये निवड तुमची नसतेच. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. एक ड्रायव्हर चालू केला की तो दुसऱ्या सेटिंगला ओढत नेतो, आणि त्या दुसरीच्या स्वतःच्या अटी पुऱ्या आहेत का हे बघतही नाही. म्हणून दस्तऐवजातच इशारा आहे की सिलेक्ट शक्यतो न दिसणाऱ्या सेटिंग्जपुरताच वापरा. मी ‘ओढणे’ म्हणतो. नंतर आलेला ‘इम्प्लाय’ म्हणजे पंगतीतला आग्रह: वाढायला येतात, पण पानावर हात आडवा धरला तर परत जातात. सिलेक्ट पानात टाकूनच मोकळा होतो.

अटीचा मला बसलेला फटका सांगतो. एका छोट्या बोर्डासाठी कर्नल हलका करत होतो. बोर्ड एसडी कार्डावरून चालू होतो, मग स्कझी (डिस्कसारखी उपकरणं जोडायची एक जुनी पद्धत) डिस्कचा आधार हवाय कशाला, काढला. यूएसबी स्टोरेज मात्र चालू होतं. पेनड्राइव्ह लावला, कर्नलनं ओळखला, लॉगमध्ये नावही आलं, पण डिस्क काही दिसेना. यूएसबी स्टोरेजला अट आहे ती स्कझीची, स्कझी डिस्कची नाही. पहिली पुरी होती, म्हणून कुणी हटकलं नाही. पेनड्राइव्ह डिस्क म्हणून दिसायला दुसरीही लागते. मदतीच्या मजकुरात ते लिहिलेलं आहे. वाचतो कोण! एक अख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात गेली.

बोरू: आणखी एक गंमत. निवडलेली सेटिंग्ज साठवणाऱ्या डॉट-कॉन्फिग फाइलमध्ये ‘इज नॉट सेट’ची ओळ हॅशनं सुरू होते, त्यामुळे नवख्याला शेरा वाटतो आणि तो ती पुसतो. पण तो स्पष्ट नकार आहे. ओळच नसेल तर ओल्डकॉन्फिग (जुन्या फाइलवरून सेटिंग्ज भरणारी आज्ञा) पुन्हा विचारतं. इथे मौन म्हणजे संमती नाही आणि नकारही नाही, ‘अजून विचारलेलंच नाही’ एवढंच.

उंबरठा: शब्द झिजल्याचंही उदाहरण आहे. ‘एक्सपेरिमेंटल’ अशी एक सेटिंग होती. तिच्याआड इतकं काही गेलं की जो तो ती डोळे झाकून चालू करायचा. ‘प्रायोगिक’ला अर्थच उरला नाही, शेवटी २०१३ मध्ये काढून टाकली.

चिवटपोहे: मग ठरलं: चॉइस म्हणजे पर्याय, डिपेंड्स ऑन म्हणजे अट, सिलेक्ट म्हणजे ओढणे, इम्प्लाय म्हणजे आग्रह. प्रश्न विचारणाऱ्या सेटिंगला ऐच्छिक, परस्पर चालू होणारीला अजून नाव नाही. आणि सी फाइलमध्ये सेटिंग चालू असेल तरच कोड घेणाऱ्या ‘इफडेफ’ला?

खटपट्या: ‘इफडेफ’च ठेवा, आणि एक तळटीप द्या: सेटिंग ‘एम’ असेल तर साधा इफडेफ खोटा ठरतो, कारण तेव्हा नावाला ‘_मोड्यूल’ असं शेपूट लागतं. त्याऐवजी वापरायचा ‘इज-एनेबल्ड’ मॅक्रो वाय आणि एम दोन्हींना हो म्हणतो. शिवाय साध्या ‘इफ’मध्ये वापरला तर बंद असलेला कोडही कंपायलर वाचून तपासतो आणि मग टाकून देतो. इफडेफमागचा कोड कुणी न वाचता कुजतो. परस्पर चालू होणारीला ‘बिनविचारी’ कसं वाटतं?

चिवटपोहे: घेतलं!