ब्रिसेइस-अकिलिस म्हणे लव्हस्टोरी!

तिरशिंगराव: काल चहाबाज यांनी लिहिलं की ट्रॉयच्या युद्धातली खरी लव्हस्टोरी ग्रीक राणी हेलन आणि तिला पळवणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यांची नाहीच, ग्रीक वीर अकिलिस आणि त्यानं धरून आणलेली ब्रिसेइस यांची आहे. डोकं फिरलं वाचून. अहो, ट्रॉयजवळचं लिर्नेसस शहर लुटलं तेव्हा अकिलिसनं हिच्या डोळ्यांदेखत नवरा मारला, तीन सख्खे भाऊही त्याच दिवशी गेले आणि ही लुटीत त्याच्या वाट्याला आली. पुढे ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याला त्याच्या वाट्याची बंदी क्रिसेइस परत करावी लागली म्हणून त्यानं हिला उचलली. भांडण सगळं दोन पुरुषांच्या इज्जतीचं, ह्यात प्रेम कुठून आलं?

चहाबाज: होमरचं महाकाव्य इलियड वाचलंय का? अगामेम्नॉनचे दूत न्यायला येतात तेव्हा ब्रिसेइस नाखुशीनं जाते असं होमरच म्हणतो. आणि नवव्या सर्गात अकिलिस सांगतो, भाल्यानं मिळवलेली असली तरी मी तिच्यावर मनापासून प्रेम केलं. आता बोला.

तिरशिंगराव: बोलतो की. त्याच नवव्या सर्गाच्या शेवटी लेस्बॉस बेटाहून धरून आणलेली डायोमेडे नावाची बाई त्याच्या शेजारी झोपलेली आहे. आणि एकोणिसाव्यात हा प्रेमवीर म्हणतो, लिर्नेसस जिंकलं त्याच दिवशी आर्टेमिस देवीनं बाण मारून ब्रिसेइसला संपवलं असतं तर बरं झालं असतं. वा रे प्रेम!

काना_मात्रा: अकिलिस नाही हो, अखिलेउस. इंग्रजी तोंडातून आलेली नावं किती दिवस वापरणार?

चहाबाज: मग हेलनला हेलेने म्हणा, ट्रॉयला इलिऑन म्हणा, कोणी अडवलंय.

काना_मात्रा: म्हणतोच मी.

रानजाई: नावं ठेवा बाजूला. अकिलिसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर ब्रिसेइस रडते ना, तेव्हा बाकीच्या धरून आणलेल्या बायकाही रडतात, आणि होमर लिहितो की निमित्त पॅट्रोक्लसचं, रडत होती प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. माझी पणजी अकराव्या वर्षी बिजवराला दिली होती. पणजोबा गेले तेव्हा इतकी रडली की गाव म्हणे केवढं प्रेम! नंतर आजीला म्हणाली, मी माझ्या आईसाठी रडत होते गं, ती गेली तेव्हा मला माहेरी पाठवलं नव्हतं.

चहाबाज: सॉरी, पण लग्न आणि गुलामी एक नाही. माझ्या आजीलाही विचारून दिली नव्हती, पन्नास वर्षं सुखानं संसार केला. उगाच सगळ्या म्हाताऱ्यांना बिचाऱ्या करून ठेवू नका.

रानजाई: सुखानं हे आजीनं सांगितलं की आजोबांनी?

चहाबाज: घरच्यांवर यायचं काम नाही!!

तिरशिंगराव: आजीवर तुम्हीच गेलात. असो. स्वतः ग्रीकांनाही हे टोचलं होतंच. अथेन्सनं मेलॉस बेटावरचे पुरुष कापले, बायकापोरं गुलाम केली, आणि लगेच इसवीसनपूर्व ४१५ मध्ये नाटककार युरिपिडीजनं त्याच अथेन्सला नाटकात ट्रॉयच्या बायका दाखवल्या. ट्रॉयची राणी हेक्युबा ग्रीक वीर ओडिसियसला, तिची मुलगी कॅसांड्रा अगामेम्नॉनला, आणि सून अँड्रोमाकी कोणाला तर जिच्या नवऱ्याला अकिलिसनं मारलं तिला अकिलिसच्याच पोराला. वाटणी! स्पर्धेत नाटकाला दुसरा नंबर दिला लोकांनी.

चहाबाज: म्हणजे दिला तर खरा. पण पॅट्रोक्लस तिला म्हणायचा, अकिलिसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन, आणि ती हे आठवून रडते. नको असतं तर आठवलं असतं का?

रानजाई: गुलाम राहण्यापेक्षा बायको होणं बरं, एवढाच चॉइस होता हो तिला. पणजीला तर तेवढाही नव्हता.

काना_मात्रा: पात्रोक्लोस.

चहाबाज: बरं बाबा, लव्हस्टोरी शब्द मागे घेतो, खूश? पण पणजीचा विषय मी काढला नव्हता, तो माझ्या नावावर टाकू नका.