तलावाच्या सांडव्यात (जादा पाणी बाहेर पडायची वाट) वाळूच्या गोण्या लावल्यात, तक्रार कुठे करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे, सिव्हिलवाले किंवा जलसंधारणात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा. आमच्या गावाच्या वर ७२ च्या दुष्काळी कामातला मातीचा पाझर तलाव आहे (नाव मुद्दाम देत नाही, इथे गावचे पण वाचतात), भराव असेल आठ-नऊ मीटर उंच. आता तिथे बोटिंग, टेंट, मॅगीच्या टपऱ्या, शनिवार-रविवार बांधावर गाड्यांची रांग. तिथवर ठीक, चार पोरांना काम मिळालं. पण बोटी उन्हाळ्यापर्यंत चालाव्यात म्हणून सांडव्याच्या तोंडाशी कमरेएवढ्या गोण्या रचल्यात आणि मासे जाऊ नयेत म्हणून वर जाळी, तिच्यात आत्ताच पालापाचोळा नि बाटल्या अडकून बसल्यात. मोठा पाऊस झाला तर पाणी बांधावरूनच जाणार ना? मातीचा बांध किती तग धरणार?

दुसरं म्हणजे पायथ्याला ओल आधीपासून होती, यंदा एका जागी बोटभर धार लागलीये आणि तिथे बारीक माती साठतेय. साहेबांना दाखवलं तर म्हणे पाझर तलाव आहे, झिरपणारच. रत्नागिरीतल्या तिवरे धरणाखालचे लोकपण गळती गळती म्हणत होते, २ जुलै २०१९ ला रात्री धरण फुटलं आणि मंत्र्यांनी खापर फोडलं खेकड्यांवर!

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा बघितला, तो १५ मीटरच्या वरच्यांना, नाहीतर काही अटींवर १० ते १५ वाल्यांना, म्हणजे आम्ही बाहेरच. मग अर्ज कुणाला? आणि गोण्या आम्हीच काढल्या तर केस होईल का?

प्रतिसाद: नितळ पाणी झिरपत असेल तर नजर ठेवून चालतं, माती घेऊन येत असेल तर आतून भराव पोखरतोय, थांबू नका. धार चिखल-सिमेंटने बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. बादली किती सेकंदात भरते ते रोज लिहा, सोबत तलावाची पातळी आणि फोटो. अर्ज थेट कलेक्टरना, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच, प्रत तहसीलदारांना, पोच घ्याच. गोण्या परस्पर नको, ग्रामसभेचा ठराव आणि पंचनामा करून काढा. पाणी गोण्यांना टेकलं असेल तर एकदम तर अजिबात नको, खाली ओढ्यात कोणी असलं तर?

धागाकर्ता: धन्यवाद दादा, पाणी अजून हातभर खाली आहे. अर्ज उद्याच देतो. ठरावाचं अवघड दिसतंय, बोटी सरपंचांच्या पुतण्याच्याच आहेत.